यशवंत स्टेडियमचा प्रश्न आणि आपली गैरहजेरी

नागपुरात स्टेडियमचा विषय दर काही वर्षांनी नव्याने निघतो. यशवंत स्टेडियम पाडून नवे बांधायचे, की आहे त्याचीच डागडुजी करायची? शहराच्या मधोमध इतकी मोक्याची जागा नुसती मैदान म्हणून ठेवणे परवडते का? मोठे संकुल शहराबाहेर न्यावे का? मग वर्तमानपत्रांत संकल्पचित्रे छापून येतात. त्यांत हिरवळ असते, काचेच्या भिंती असतात आणि कुठलीच घाई नसलेली, चांगल्या कपड्यांतली माणसे फिरताना दिसतात. मंत्री बोलतात, आर्किटेक्ट बोलतात, क्रीडा संघटनांचे पदाधिकारी बोलतात. इंदोरा, बेझनबाग, लष्करीबाग, पाचपावली, रामेश्वरी, कौशल्यानगर इथला आंबेडकरी तरुण मात्र या चर्चेत कुठेच सापडत नाही. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभरात शंभर पोस्ट पडतात, त्यांत स्टेडियमवर एकही नसते. "तो खेळवाल्यांचा विषय आहे", असे म्हणून आपण पुढे सरकतो.

हा विषय खेळवाल्यांचा नाही, निदान एकट्या खेळवाल्यांचा तरी नाही. शहरातली मोकळी सार्वजनिक जागा कोणाच्या पायांना जवळ असावी, तिथे कोणाला विचारल्याशिवाय शिरता यावे आणि तिथे उभे राहून कोणाला सरकारला जाब विचारता यावा, असे तीन प्रश्न या एका वादात गुंतलेले आहेत. तिन्ही प्रश्न आंबेडकरी चळवळीचे जुने प्रश्न आहेत.

आधी यशवंत स्टेडियमचेच पाहू. सीताबर्डी आणि धंतोलीच्या सीमेवरची ही महापालिकेची जागा. नागपूरबाहेरच्या माणसाला हे नाव फुटबॉलमुळे माहीत नसते, हिवाळी अधिवेशनामुळे माहीत असते. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरते आणि डिसेंबरमध्ये अख्खा महाराष्ट्र आपली गाऱ्हाणी घेऊन या शहरात उतरतो. अंगणवाडी सेविका, आशा, विनाअनुदानित शाळांवरचे शिक्षक, भटक्या-विमुक्तांच्या संघटना, शिष्यवृत्ती अडकलेले वसतिगृहातले विद्यार्थी, वनहक्काचे पट्टे मागणारे आदिवासी. रेल्वे स्टेशनवर किंवा गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरायचे, चालत यशवंत स्टेडियम गाठायचे, तिथे जमायचे आणि मोर्चा विधानभवनाकडे काढायचा. टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, नाहीतर एलआयसी चौक, जिथे पोलीस अडवतील तिथे बसायचे. शेजारच्या पटवर्धन मैदानावर धरणे. ज्याच्याकडे मंत्र्याचा फोन नंबर नाही, त्याला मंत्र्यापर्यंत पोहोचायची ही वाट आहे, आणि ती या मैदानापासून सुरू होते.

आता पुनर्विकासाचे कुठलेही सादरीकरण घ्या. प्रेक्षक किती बसतील, गाड्या किती उभ्या राहतील, गाळे किती निघतील आणि त्यांतून महापालिकेला उत्पन्न किती, याचे कोष्टक त्यात असते. डिसेंबरमध्ये गडचिरोलीहून आलेल्या पाच हजार बाया कुठे जमतील, रात्री कुठे पाठ टेकतील, पाणी कुठे पितील आणि संडासला कुठे जातील, याचा रकाना नसतो. तो आपोआप येणार नाही. कोणीतरी जाऊन मागावा लागतो.

जागा अपुरी पडली की काय होते, हे याच परिसराने पाहिले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा अधिवेशनावर आला होता. मागणी साधी होती, आदिवासी म्हणून मान्यता. पोलिसांनी अडवलेल्या त्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली, त्यांत बहुतेक बायका आणि लेकरे. आज तिथे स्मारक आहे आणि वरून जाणाऱ्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचे नाव आहे. ज्या शहराने पुलाला हे नाव दिले, त्याच शहरात जमायची जागा आक्रसण्याच्या योजनेवर चर्चा होते आणि त्या चर्चेत ११४ हा आकडा कोणी काढत नाही, हे मला तरी सहज पचत नाही.

संविधानाच्या कलम १९ ने शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. १९७२ मध्ये अहमदाबादच्या हिम्मतलाल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचे सरकार नियमन करू शकते, पण मनमानी अधिकार हाती घेऊन त्या बंद पाडू शकत नाही. कागदावर हक्क भक्कम आहे. पण हक्काला उभे राहायला जमीन लागते. ती जमीन तारांकित कन्व्हेन्शन सेंटर झाली, तर कलम १९ रद्द करायची गरजच उरत नाही. परवानगीच्या अर्जावर "जागा उपलब्ध नाही" एवढे लिहिले की काम झाले.

या शहराच्या मैदानांशी आपले नाते नवे नाही. कस्तुरचंद पार्कावरून आज जाताना मेट्रोचे स्टेशन आणि मधली छत्री दिसते. ३० मे ते १ जून १९२० या तीन दिवसांत याच मैदानावर अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती. अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज होते आणि २९ वर्षांचे बाबासाहेब त्या परिषदेत होते. अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडून द्यायचे की अस्पृश्यांनी स्वतः, हा तिथला वादाचा मुद्दा होता. त्या काळात अस्पृश्यांना सभागृह कोण देणार होते? मैदान होते म्हणून परिषद झाली. पुढे १९४२ च्या जुलैमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरातच मोहन पार्कात झाली. त्याच मांडवात महिलांची परिषद झाली, समता सैनिक दलाची झाली. १४ ऑक्टोबर १९५६ बद्दल तर सांगायलाच नको. ज्याला आपण दीक्षाभूमी म्हणतो, ते तेव्हा व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे एक मोकळे मैदान होते. लाखो माणसे एका जागी बसू शकतील अशी मोकळी जमीन या शहराकडे होती, हेही त्या दिवसाच्या घडण्यामागचे एक साधे भौतिक कारण आहे. आपल्या इतिहासातून मैदाने वजा करून पाहा, काय उरते ते.

इथे एक मित्र म्हणेल, की हे सगळे सभा-मोर्चांचे झाले, स्टेडियम तर खेळासाठी असते. मान्य. मग खेळाकडे वळू, कारण तिथे तर आपली बाजू आणखी पक्की आहे.

नागपूरने एक मोठे स्टेडियम शहराबाहेर नेऊन पाहिलेले आहे. सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर १९६९ पासून कसोटी सामने होत होते. सायकल लावून, पायी, मिळेल ते तिकीट घेऊन माणसे जात. ती जागा दाटीची होती, आणि धोक्याचीही. १९९५ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात भिंत कोसळून तिथे प्रेक्षकांचे जीव गेले. त्यामुळे नवे स्टेडियम हवे होते, यात वाद नाही. २००८ मध्ये वर्धा रोडवर जामठ्याला ते झाले. सुमारे ४५ हजार प्रेक्षक बसतात, देशातल्या चांगल्या स्टेडियममध्ये त्याची गणना होते. पण पहिलाच कसोटी सामना आठवा. समोर ऑस्ट्रेलिया, सौरव गांगुलीची शेवटची कसोटी, आणि खुर्च्या मोठ्या प्रमाणात रिकाम्या. इंदोरा चौकातून जामठा वीसेक किलोमीटर पडते. मेट्रो आज खापरीला थांबते, पुढचे ज्याचे त्याने बघायचे. ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याला हे अंतर अर्ध्या तासाचे. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी ते वेगळे गाव आहे.

न्यायाने बोलायचे तर जामठा ही क्रिकेट संघटनेची स्वतःची मालमत्ता आहे. तिने ती कुठे बांधावी यावर तुमचा-माझा अधिकार मर्यादित. महापालिकेच्या किंवा राज्याच्या जमिनीवर, करदात्यांच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या स्टेडियमला मात्र ही सबब चालणार नाही. आणि करदाते म्हणजे केवळ आयकर भरणारे, हा गैरसमजही सोडून द्या. चप्पल घेणारा, मोबाइल रिचार्ज करणारा, पारले-जीचा पुडा घेणारा प्रत्येक जण कर भरतो.

याच नागपुरातून 'झुंड' हा सिनेमा आला. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये तो केला. हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यातून स्लम सॉकर उभे राहिले, ही त्यामागची खरी गोष्ट. आपण तो पाहिला, जयंतीच्या मिरवणुकीतल्या प्रसंगाला शिट्ट्या मारल्या, बाबासाहेबांचा फोटो हिंदी सिनेमात इतका मोठा दिसला म्हणून पोस्ट टाकल्या. पण त्या सिनेमातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू भिंत आहे. एका बाजूला कॉलेजचे मैदान, दुसऱ्या बाजूला वस्ती. मैदान शंभर पावलांवर असूनही पोरांचे नाही. बारसे सरांनी भिंतीपलीकडे चेंडू दिला, हे त्यांचे मोठेपण. पण एका शिक्षकाच्या भलेपणावर शहराचे क्रीडाधोरण चालत नाही. आता स्टेडियमच्या वादात जी भिंत बांधली जाणार आहे तिची उंची, तिची दारे, त्या दारांच्या वेळा आणि दारावरची फी कागदावर ठरते आहे. ती ठरत असताना बोलायचे, की ठरल्यावर सिनेमा बघायचा?

पालवणकर बाळूंची गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. चांभार समाजातला हा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. पुण्यात खेळताना मैदानावर चेंडू सगळे एकाच हाताने झेलत, चहा मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, तेही भांडण झाल्यावर. म्हणजे त्यांना मैदान मिळाले, पॅव्हिलियन मिळाले नाही. आजच्या पुनर्विकासाच्या चित्रांत पॅव्हिलियनच इतके मोठे झाले आहे, की मैदानाला जागा उरत नाही.

त्याच १९२३ साली, ऑगस्टमध्ये, मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, ते कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते प्रत्यक्षात खुले केले. पुढचा भाग आपण भाषणांत फारसा सांगत नाही. सवर्णांनी कोर्टात जाऊन दावा केला, की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे. हा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, तेव्हा विषय संपला. शिवाशिवीचे समर्थन कोर्टात टिकणार नाही हे त्यांना कळत होते, म्हणून त्यांनी मालकीचा आधार घेतला.

संविधानाच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात महाडचा हा सगळा अनुभव उतरला आहे. राज्याच्या पैशाने पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाला अडवता येणार नाही. यशवंत स्टेडियम ही अशीच जागा आहे. उद्या तिच्या दारात "महारांना मनाई" अशी पाटी कोणी लावणार नाही, एवढे मूर्ख ते नाहीत. तीस वर्षांचा भाडेपट्टा होईल, चालवायला कंत्राटदार येईल, सभासदत्वाची फी लागेल, पार्किंगचे दर लागतील. मग गेटवरचा सुरक्षारक्षक, जो बहुधा आपल्याच वस्तीतला असेल, आपल्याच पोरांना हटकेल, "कुठे चालला?" जातीचा उल्लेख कुठेही न होता जागा सार्वजनिकची खासगी होईल. महाडच्या दाव्यातली मालकीची भाषा इथे कराराच्या कलमांतून परत येते.

हे फक्त नागपूरचे दुखणे नाही. ब्राझीलमधल्या रिओच्या मराकाना स्टेडियममध्ये मैदानालगत उभे राहून सामना पाहायची सगळ्यात स्वस्त जागा होती. तिथे गरीब, बरेचसे काळे कष्टकरी दाटीने उभे राहत. २००५ मध्ये ती जागा बंद झाली. पुढे २०१४ च्या विश्वचषकासाठी स्टेडियम आणखी चकचकीत झाले. जागा तीच, नाव तेच, बाकी प्रेक्षक बदलले. नूतनीकरण या शब्दात असे बरेच काही लपते.

आता पैशाचे बोलू, कारण या भागात आपली फसगत सर्वांत सोपी आहे. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धा आठवतात? त्या स्पर्धांच्या कामांकडे अनुसूचित जाती उपयोजनेचा सुमारे ७०० कोटींचा निधी वळवला गेला. तत्कालीन गृहमंत्र्यांना राज्यसभेत ते कबूल करावे लागले. दलित वस्त्यांतल्या शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांसाठीचा पैसा स्टेडियम आणि रस्त्यांत गेला. स्टेडियमवर सगळेच चढतात, मग दलितही चढतील, असा हिशेब त्यामागे असतो. त्यानंतर २०१३ मध्ये कर्नाटक आणि आंध्र प्रदेशाने हा निधी इतरत्र वळवू नये म्हणून कायदा केला. आपल्याकडे, फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या महाराष्ट्रात, या मागणीवर संघटना वर्षानुवर्षे निवेदने देत आहेत. म्हणून नागपुरातल्या कुठल्याही स्टेडियमची घोषणा झाली, की पहिला प्रश्न असायला हवा: पैसा कोणत्या लेखाशीर्षातून? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

एक मागणी मात्र आपल्याकडून फार लवकर येते, आणि मला तिची भीती वाटते. नव्या स्टेडियमला बाबासाहेबांचे नाव द्या. निवेदन तयार, फोटो तयार, बातमी तयार. यावर काही मित्र रागावतील, तरी लिहितो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा नावाचा होता, हे खरे आहे. २७ जुलै १९७८ च्या ठरावानंतर आपली घरे जळली, माणसे मारली गेली, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. तिथे नावाला किंमत होती, कारण नाव द्यायला ते तयार नव्हते. आज परिस्थिती उलटी आहे. नाव द्यायला सगळे पक्ष एका पायावर तयार आहेत, कारण त्यात त्यांचे काही जात नाही. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे, त्याचा अभिमान आहेच. पण तिथले पार्किंग, तिथला चहा आणि तिथल्या नोकऱ्या यांत त्या नावाने काय बदलले? नाव आपले आणि भाडेपट्टा त्यांचा, असा सौदा उद्या कोणी समोर ठेवला, तर आपले अर्धे नेते तो टाळ्या वाजवून घेतील. आधी दार, मग पाटी, असा क्रम असू द्या.

आता आपल्या सवयीबद्दल. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर काय झाले, ते तुम्ही जाणता. भूमिगत पार्किंगचे काम सुरू झाले होते, खड्डे खणले होते, स्तूपाला धोका आहे असे लोकांना वाटले, हजारो माणसे आली, बांधकाम उखडले गेले आणि सरकारला त्याच दिवशी विधिमंडळात स्थगिती जाहीर करावी लागली. लोकांची ताकद दिसली. पण काम सुरू होण्याआधी आराखडा होता, निविदा होती, कार्यादेश होता. हे कागद महिनोन्महिने फिरत होते, तेव्हा आपण कुठे होतो? त्याआधी अंबाझरीला तेच. तिथले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, पाडले गेले. जागा पर्यटन महामंडळामार्फत खासगी मनोरंजन प्रकल्पासाठी दिली गेली होती. भवन पडल्यावर आंदोलन उभे राहिले. आपल्या आयाबहिणी उन्हापावसात महिनोन्महिने धरण्यावर बसल्या. त्यांच्या चिकाटीपुढे मान झुकते. पण पाडलेली भिंत पुन्हा उभी करायला जेवढे बळ लागले, त्याच्या शंभराव्या भागात, वेळेवर, करार रोखता आला असता. आपण स्मारकाला हात लागला की उठतो. मैदान जाते तेव्हा झोपलेलो असतो, कारण त्याला कळस नसतो.

आणि वेळ अशी आहे, की विचारणारे कोणी नव्हतेच. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर नागपूर महापालिका वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिली. सभागृह नाही, स्थायी समिती नाही, विरोधी पक्षनेता नाही. नगरसेवक कसाही असला तरी त्याच्या घराची बेल वाजवता येते. प्रशासकाच्या केबिनबाहेर चिठ्ठी पाठवावी लागते. अशा काळात ठरलेल्या प्रत्येक प्रकल्पाचा कागद पुन्हा उघडून पाहायला हवा.

धंतोलीच्या रहिवाशांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. तिथे रुग्णालयांची रांग आहे, मोर्च्याच्या दिवशी रुग्णवाहिका अडकते, हे खरे दुखणे आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी ती जागा योग्य नाही, हेही मला पटते. चाळीस हजार प्रेक्षकांचे स्टेडियम हवे असेल तर ते बाहेर, मेट्रोच्या स्टेशनला लागून असावे. पण म्हणूनच यशवंत स्टेडियम साधे मैदान म्हणून राहायला हवे. धावपट्टी, फुटबॉलची हिरवळ, सावलीचे कट्टे, पाणी, संडास, कपडे बदलायच्या खोल्या, पोरींसाठी वेगळ्या. इंदोरा चौकातून मेट्रोत बसलेली मुलगी सीताबर्डीला उतरून दहा मिनिटांत तिथे पोहोचते. तिच्यासाठी ते जामठ्यापेक्षा मोठे स्टेडियम आहे. मोर्चासाठी रुग्णवाहिकेची मार्गिका आधीच आखून ठेवता येते, ती आराखड्याची गोष्ट आहे. मोर्चाच हलवणे हा त्यावरचा उपाय नाही.

करायचे काय, हे फार अवघड नाही. विकास आराखड्यात मैदान म्हणून दाखवलेल्या जागेचा वापर बदलायचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिन्याची. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात येते. प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात वाचनालय आहे, तिथे पेपर येतो. एका मुलावर ती पाने रोज पाहायची जबाबदारी टाका. सूचना आली की शेकड्याने हरकती गेल्या पाहिजेत, आणि एकाच मजकुराच्या छापील नकोत. कॉलेजच्या मुलीने सरावाबद्दल लिहावे, निवृत्त शिक्षकाने सकाळच्या फेरीबद्दल, अंगणवाडी सेविकेने मोर्च्याबद्दल. सुनावणीला हजर राहा. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी बंगळूरच्या मुद्दप्पा खटल्याचा १९९१ चा निकाल वाचून ठेवावा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने तिथे टिकू दिला नाही, आणि शेजारच्या रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे हेही मान्य केले.

सविस्तर प्रकल्प अहवाल मागा. भाडेपट्ट्याचा मसुदा मागा. त्यात महापालिका शाळांच्या मुलांना मोफत सरावाचे तास किती, ते शोधा. नसतील तर लिहून घ्या. अधिवेशनाच्या काळात मैदान जनतेला जमण्यासाठी खुले राहील, ही अट करारात हवी, कोणा मंत्र्याच्या भाषणात नको. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलाबद्दलही हेच प्रश्न विचारता येतात, तिथे वस्तीतली किती पोरे रोज आत जातात इथपासून. बेझनबाग आणि इंदोऱ्याच्या मैदानांचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका तरी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

येत्या रविवारी विहारात बैठक असेल, तेव्हा वंदनेनंतर हा विषय घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना कोणाही वकील मित्राकडे मिळेल. पहिला अर्ज महापालिकेच्या क्रीडा विभागाकडे, दुसरा नगररचना विभागाकडे.

जय भीम.